सुट्या अक्षरांचं वादळ

“सरळ काप गो लेकी, सरळ्याशी धागा भोळा,
वाकडी गेली कात्री, सुटंल सुताचा गोळा…”

माहेरी, मोहने गावच्या अंगणात, गोधडीवर वाकलेल्या आईचा हा सूर शेवंतीनं लहानपणी ऐकलेला. एक्याण्णवच्या थंडीत, कोपर गावच्या सासरी, तो अवचित कानाशी आला. मांडीवर धाकट्या दिराची, मोरूची, फाटकी जर्सी होती.

मोरू ‘वादळ’ कबड्डी संघाचा कप्तान. छातीवरचं नाव सासऱ्यांनी, भिवाजींनी, रेखून दिलेलं. खाडीवरच्या निम्म्या होड्यांची नावं त्यांच्याच हातची: गोल, गुबगुबीत, वर अखंड शिरोरेघ. शेवंतीनं ते इमानानं कापडात कापून शिवलं, आणि तिथंच फसली. फळीवर शोभणारी रेघ कबड्डीत मूठ झाली. कुणी एक टोक धरलं की अख्खं नाव सोलून हातात!

“वयनी, फायनलला पण असंच झालं ना, तर पोरं ठाण्याला छापून घेणार. मी काय बोलू त्यांना?” मोरू म्हणाला.

शेवंतीनं कात्री उचलली. रेघच तोडली, प्रत्येक अक्षर सुटं केलं. ‘व’चं पोट गेलं, कोन आला. ‘द’ असा गुडघा मोडून बसला, जणू आता चढाईला निघेल. ‘ळ’ तर खेकड्यानं दोन्ही नांग्या उगारल्यासारखा. सगळी जाड, टोकदार, पुढं झुकलेली. कडेला दुहेरी टीप.

शेजारची मनुबाई डोकावली. “अगो, अक्षरांची मुंडकीच मारलीस? बोंबील समजलीस काय!”

शेवंती हसली, पण डोळे सासऱ्यांकडे. त्यांनी जर्सी उचलली, टिपेवरून अंगठा फिरवला, खाली ठेवली आणि खाडीकडे चालू लागले. शिव्या दिल्या असत्या तरी तिला चाललं असतं.

फायनलला शेवंती आणि भिवाजीही वागळे इस्टेटच्या मैदानावर आले होते. मोरूच्या शेवटच्या चढाईला चौघं तुटून पडले. बाही खांद्यापासून फाटली, एकाची बोटं ‘द’वर रुतली, टीप हलली नाही. मातीतून उठताना छाती तशीच गर्जत होती. पार पलीकडच्या कुंपणावरची अनोळखी पोरंही नाव वाचून ओरडत होती, “वादळ! वादळ!”

सामना मात्र गेला. तरी जिंकलेल्यांचा कप्तान गुरुदत्त धापा टाकत आला. “ए भाई, ही अक्षरं कोणाची? आपल्याला पण पाहिजेत यार!”

पोरांनी सवयीनं भिवाजींकडे बोट केलं. कोपरात अक्षर म्हटलं की भिवाजीच. गुरुदत्त त्यांच्या पाया पडायला वाकला. शेवंतीनं मान खाली घातली.

म्हाताऱ्यानं पाय मागे घेतले.

“माझी नाय रं. ही माझी सून, शेवंती, तिची हायत.” ते तिच्याकडं वळले. “त्या दिवशीच बोलायचं होतं, पोरी. जीभ उचलली नाय. उभी हयात अक्षरं काढली मी, पण माझं एक पण अक्षर कधी असं धावलं नाय गो.”