विचारलं म्हणजे काय?

माराला माणूस घाबरतो, त्यात नवल नाही. पण मार मिळाला नाही म्हणून घाबरलेली बाई बघायची असेल, तर त्या साली महाडला यायला हवं होतं.

बाजारपेठेमागच्या आळीत गोदूताई गुप्ते आपल्या वडिलांच्या घरात बायकांसाठी आसरा चालवत. पाटीवर 'महिला निवास' असं होतं. गाव त्याला बायकांचं घर म्हणे, आणि ज्यांच्या जिभेला हाड नव्हतं ते आणखीही काहीबाही म्हणत. राहीबाई तिथे आली ती शिमग्यानंतर, उजवा हात गळ्यात बांधून.

तिचं माहेर वरंधचं, आणि सासर पोलादपूरच्या वर, महाबळेश्वराच्या घाटवाटेला, डोंगरात. नवरा हैबती मुंबईला गोदीत कामाला. वर्षातून दोनदा यायचा, शिमग्याला आणि गणपतीला. चाकरमानी येणार म्हटलं की वाडीतल्या साऱ्या बायकांना उधाण यायचं. राही मात्र तो परत कधी जाईल याचे दिवस मोजायची. आला की दोन दिवस गोड बोलायचा. तिसऱ्या दिवशी भाकरी करपलेली असायची, नाहीतर पाणी गार असायचं, नाहीतर काहीच नसायचं आणि तरी हात उठायचाच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सासू तुळसाबाई म्हणायची, "पुरुष हाय, चालायचंच." मला विचाराल तर असल्या चालायचंच म्हणणाऱ्यांनाच आधी दोन ठेवून द्याव्यात, पण गोष्ट माझी नाही, राहीची आहे.

त्या शिमग्याला त्याने चुलीपुढचं लाकूड उचललं आणि राहीचा हात मोडला. पोलादपूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईने तिला परत वाडीवर जाऊ दिलं नाही. एस.टी.त घालून महाडला आणलं आणि गोदूताईंच्या ओटीवर बसवलं. वरंधला बापाला, येसाजीला, निरोप गेला. उलट निरोप आला, हाताला आराम पडला की सासरी जावं. झालं. माहेराचं दार असं न वाजवताच बंद झालं.

आल्यावर आठव्या दिवशी राहीच्या डाव्या हातातून लोणच्याची बरणी निसटली. काचा, खार, फोडी, सगळं जमिनीवर. गोदूताई धावत आल्या आणि म्हणाल्या, "पायाला लागलं नाही ना?" मग स्वतःच केरसुणी घेऊन वाकल्या.

राहीने तो दिवस काढला. दुसरा काढला. स्वयंपाकघर सांभाळणारी रंगूबाई म्हणून एक थोराड बाई चार वर्षं तिथेच होती, तिला तिने हळूच विचारलं, "रंगूबाय, हितं मारत्यात कवा?"

"कोन मारतंय?"

"बरनी फुटली ना माज्या हातून."

रंगूबाई खो खो हसली आणि हसता हसताच गप्प झाली. "हितं कोन मारीत नाय गो."

"मंग मानसं नीट कशी वागत्यात?"

तिसऱ्या दिवशी राही गोदूताईंसमोर जाऊन उभी राहिली. "ताई, काय असंल ते एकदाच करून टाका. जीव टांगनीला लागलाय." गोदूताईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "अगं, बरणी काचेची होती, फुटली." एवढंच. राहीला या बोलण्याचा ना शेंडा सापडला ना बुडखा.

खरा घोळ वेगळाच होता. वाडीत बाई कुणाच्याही घरी राहते ती काहीतरी होऊन राहते. सून, लेक, पाहुणी, अगदीच काही नाही तर मोलकरीण. मग आपण इथे कोण? राहीने एकेक करून पाहिलं. सुनेसारखी पहाटे उठून अंगण झाडायला गेली, तर रंगूबाईने खराटा काढून घेतला, "आज पाळी तुजी नाय." पाहुणीसारखी भिंतीला टेकून बसली, तर तांदूळ निवडायला बोलावणं आलं. मोलकरणीसारखी सगळ्यांच्या मागून जेवायला बसली, तर गोदूताईंनी तिचं ताट उचलून पंगतीत आणून ठेवलं. लेक होऊन पाहायची तिची छाती झाली नाही. बरं, विचारावं तर कुणाला? असलं विचारायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

हाताचं हाड बसलं, पण बोटं ताठ राहिली. डॉक्टरांनी ऊन पाण्यात हात धरायला सांगितलं, म्हणून रंगूबाई तिला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेऊ लागली. बायकांच्या कुंडात पदर सोडून रंगूबाई पाठमोरी बसली, तेव्हा राहीला तिची पाठ दिसली. खांद्यापासून कंबरेपर्यंत जुने डाग, चटक्यांचे.

"ह्ये काय गो?"

"ते व्हय? ते सासरचं."

"अजून दुखतंय?"

"छ्या. हितं पाठ शेकाय बरं वाटतंय." आणि तिने पाठ आणखी पाण्यात बुडवली.

राही तिच्याकडे बघतच राहिली. असल्या पाठीची बाई घर सांभाळते, बाजारात जाऊन भाजीवाल्याशी हुज्जत घालते, पोट धरून हसते. हे कसं जमतं, हे तिच्या डोक्यात काही केल्या शिरेना. पण तिला रंगूबाईचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला याची लाजही वाटली.

आषाढात गोदूताईंनी तिला शिवणाच्या मशीनवर बसवलं. झबली शिवायची. ताठ बोटांखाली कापड वाकडंतिकडं पळायचं. पंधरा दिवसांनी पहिली सरळ टीप पडली. ते झबलं राहीने दिवसभरात कितीदा उलटंसुलटं करून पाहिलं असेल, देव जाणे. गोदूताई म्हणाल्या, "असं काम आलं तर तुझं पोट तुझ्या हातावर चालेल." राहीला ते खरं वाटलं नाही, पण ऐकायला फार गोड वाटलं.

आणि गणपती दोन दिवसांवर आले असताना हैबती दारात उभा राहिला. बरोबर येसाजी. हैबतीच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात मुंबईचं लुगडं, तोंडात साखर.

"झालं गेलं गंगेला मिळालं, ताई. आमच्या हातनं मिस्टेक झाल्या, नाय म्हनत नाय. पन सणाला घरात सून नाय म्हनल्यावर गौरी कोन आननार? मामांना पन संगती आनलाय."

येसाजी खाली मान घालून ओटीच्या कडेला बसला होता. राहीने दाराआडून त्याच्याकडे बघितलं. तो वाळला होता. तिला माया आली की राग आला, हे तिला सांगता आलं नसतं.

आता गोदूताईंचा एक नेम होता. 'बायका पळवून डांबून ठेवतात' असं अर्धं महाड त्यांच्या पाठीमागे बोले. म्हणून न्यायला कुणीही आलं, तरी त्या बाईला सगळ्यांसमोर बोलावून, मोठ्या आवाजात एकदा विचारत. मध्ये आपलं एक अक्षर घालत नसत. तसंच त्यांनी राहीला पुढे बोलावलं.

"राही, हे तुला न्यायला आलेत. जायचंय का तुला?"

सासरी हा प्रश्न राहीने शंभरदा ऐकला होता. 'जायचंय का तुला बापाकडं?' तुळसाबाई विचारायची, आणि विचारून झालं की बोचकं अंगणात यायचं. विचारणं म्हणजे हाकलणं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. म्हणजे ताईंनाही आपण नकोशी झालो! बरणीचं तर मनात ठेवलं नाही? झबली वाकडी झाली म्हणून?

गोदूताई उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. रंगूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कुणीच हलेना. शेवटी राहीच आत गेली आणि बोचकं घेऊन आली. गोदूताईंचा चेहरा पडला, पण नेम म्हणजे नेम, त्यांनी ओठ मिटून घेतले. शहाण्या माणसाचा नेमही कधी कधी आंधळा असतो तो असा.

एस.टी. स्टँडवर चाकरमान्यांची झुंबड. पोलादपूरची गाडी लागायची होती. हैबती राहीला आणि येसाजीला बाकावर बसवून तिकिटं काढून आला, पुड्यातून भजी आणली, म्हणाला, "खा." राहीने पुडा मांडीवर ठेवला.

तिचं चित्त मागेच होतं. काहीतरी चुकत होतं, पण काय ते धरता येईना. सासू विचारायची, पण उत्तरासाठी कधी थांबत नसे. हैबतीने काही विचारलंच तर उत्तराआधी हात यायचा. आणि ताई? ताई विचारून थांबल्या होत्या. किती वेळ! ज्याला हाकलायचंय, तो माणूस असा थांबतो का? मग त्या कशासाठी थांबल्या होत्या?

"गाडी लागली, चल," हैबती म्हणाला.

राही उठली नाही. "मला इचारा."

"काय इचारू?"

"येतेस का, म्हनून इचारा."

हैबती हसला. आजूबाजूला पाहून पुन्हा हसला. "घरच्या बायकूला काय इचारायचं? तिकिट काडलंय."

"इचारून तर बगा."

"डोकं फिरलंय काय तुजं? त्या बायांनी शिकवलंय व्हय ह्ये? ऊठ." आवाज चढला आणि त्याने तिचं मनगट पकडलं. उजवं, मोडलेलं. राही कळवळली. पण या वेळी कळ गेल्यावरही तिला तेच हवं होतं. मारा हवं तर, पण आधी विचारा. का हवं होतं ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

येसाजी त्या मनगटाकडे बघत होता. वाकडं बसलेलं हाड त्याने इतक्या जवळून आजच पाहिलं होतं. त्याने जावयाचा हात धरून बाजूला केला. काठीवर जोर देऊन तो लेकीसमोर उभा राहिला, घसा खाकरला. लग्न ठरवताना त्याने तिला विचारलं नव्हतं, धाडताना विचारलं नव्हतं, निरोप पाठवतानाही नाही.

"बाय गो," तो म्हणाला, "येतेस का?"

आणि तो थांबला.

कंडक्टरने घंटी दिली. हैबती काहीतरी ओरडत होता. येसाजी थांबलेलाच.

"नाय," राही म्हणाली. म्हणाली आणि स्वतःच दचकली, कुणी दुसरंच बोलल्यासारखी.

"आयकलंत मामा? काय म्हनते ती?" हैबती तापला.

"आयकलं. नाय म्हनते." येसाजीने काठी दोघांच्या मध्ये टेकली. "चला हैबतराव, गाडी सुटंल." त्यापलीकडे काय करायचं हे त्या म्हाताऱ्यालाही ठाऊक नव्हतं. हैबती शिव्या देत गाडीत चढला.

राही बोचकं घेऊन तरातरा चालत आळीत आली. गोदूताई अजून ओटीवरच बसून होत्या, संध्याकाळच्या दिव्याला हातसुद्धा लावला नव्हता. त्या लगबगीने उठल्या, तोच राहीने त्यांच्यावर तोंड सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणावर तरी ओरडत होती.

"ठेवून घ्यायचं हुतं तर तसं बोलायचं! नुसतं इचारायचं काय? मला वाटलं काडलीत मला! आमच्यात इचारलं की काडत्यात!" आणि ती ढसाढसा रडू लागली.

गोदूताई उभ्याच्या उभ्या राहिल्या. चार वर्षं त्या मोठ्या आवाजात हा प्रश्न विचारत आल्या होत्या. किती जणी न बोलता बोचकं उचलून गेल्या, ते त्यांना एकेक करून आठवलं.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "आधी हे ऐक. तू इथे राहावंस असं मला वाटतं. फार वाटतं. आता विचारते. राहतेस का?"

राहीने पदराने नाक पुसलं. ओटीवर बसली. गोदूताई थांबल्या. दारात रंगूबाई थांबली.

"इचार करून सांगते," राही म्हणाली.