निंबाखालचा थांबा

मी रस्ता बोलतोय. नागपूरहून हैदराबादला जाणारा. म्हणजे, होतो. वडनेरच्या पुढच्या एका गावातून मी वळण घेऊन जायचो. आता ते वळणच मागे राहिलंय.

माझा जन्म बैलगाड्यांच्या चाकोरीतला. हिंगणघाटच्या बाजाराला कापूस न्यायचा, तेवढंच काम. मग मुरूम पडला, गिट्टी पडली, डांबर चढलं. परराज्यांतले ट्रक धावू लागले. मी रुंद व्हावं असं साऱ्यांना वाटे, फक्त आपापलं अंगण सोडून. शेवटी गावाबाहेरून नवा चौपदरी काढला; उंच, सरळ, पुलावरून. माझ्याकडे उरला एक कडुनिंब आणि त्याखालचा एस.टी.चा थांबा.

पूल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गुंजन माहेरून आली, आदिलाबादकडून. गावातल्या लक्ष्मणरावांची नवी सून. ती उतरताना कंडक्टर म्हणाला, "उद्यापासून गाडी आत येत नाई, बाई. पुलावरूनच धरजो."

आठवडा उलटायच्या आत माहेरचा फोन आला. बाबांचं काही खरं नाही, लगेच ये. नवरा कामावर, हिंगणघाटला. लक्ष्मणराव तिची पिशवी घेऊन निघाले ते थेट माझ्याकडे.

"मामाजी, पुलावर..."

"पुलावर कायले? माही हयात गेली या निंबाखाली. गाडी इथंच थांबते."

नव्या सुनेनं सासऱ्याचा शब्द खोडायचा नसतो, पदर सारखा करायचा असतो. तो तिनं केला. ठाऊक मलाही होतं. पण रस्त्याला कोण विचारतं?

लाल गाडी पुलावरून गेली. "ते दुसरीकडची असंन," लक्ष्मणराव म्हणाले. थोड्या वेळानं आणखी एक गेली. या वेळी ते नुसते पुलाकडे बघत राहिले.

मग फोन वाजला. गुंजननं ऐकला आणि माझ्या कडेला, गिट्टीवरच बसली. बाबा गेले होते.

"तुले माहीत होतं, गाडी इथं येत नाई म्हून?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

"मंग बोलली काऊन नाई, माय?"

विचारून झाल्यावर त्यांचाच चेहरा उतरला. त्यांनी पिशवी उचलली, पुलाकडे दोन पावलं टाकली आणि थांबले.

"चाल. तू पुढं हो."

आता माझ्या भेगांत गवत उगवतं. लोक माझ्यावर सोयाबीन वाळवतात. वाळवा, माझी हरकत नाही. पण घरातून निघताना नव्या सुनेला एकदा विचारत जा, गाडी कुठं थांबते म्हणून.