रोह्यातल्या माहिराचा रोबो

मित्रांनो, मी एक रोबो आहे. पण जन्मतः रोबो नव्हतो. डब्यातून निघालो तेव्हा मी म्हणजे नुसते सुटे भाग होते: चाके, पट्ट्या, दातेरी चक्रे, मोटरी आणि मेंदूच्या जागी एक छोटीशी पेटी. मला जोडायचे, फोनवरून एकापुढे एक आज्ञा लिहून द्यायच्या, की मी चालू लागतो. आखातात नोकरी करणाऱ्या जमालभाईंनी तिथल्या दुकानातून मला उचलले आणि सुट्टीत रोह्याला येताना आपल्या लेकीसाठी, माहिरासाठी आणले. सुट्टी संपली, ते परत गेले. मी राहिलो.

माहिरा तेव्हा पाचवीत होती. चुकण्याची तिला एवढी धास्ती, की फळ्याजवळ उभी राहिली की तोंडून शब्द फुटत नसे. माझ्यापाशी मात्र तिला चुकावेच लागले. मी भिंतीवर आपटलो, पलंगाखाली अडकलो, जागच्या जागी गरगरलो. मी रागावत नाही आणि कंटाळतही नाही, एवढा गुण माझ्यात आहे. हळूहळू ती स्वतःच म्हणू लागली, "उशिरा वळतोय हा. आधी वळवायला हवा."

शेजारच्या श्यामलाबाई पेणच्या एका शाळेत शिकवत. त्या माहिराच्या आईला म्हणाल्या, "पोरीचं डोकं चालायला लागलंय हो, ताजुन्निसा."

"डोकं चालतंय, पण पाय थांबलेत त्याचं काय? पोरी हाका मारून जातात, ही फोनातून मान वर काढत नाय."

दोघी खरेच बोलत होत्या.

एके दुपारी माहिरा माझा हात बसवता बसवता फोनवर भलतेच काही पाहत बसली. डबा उघडाच होता. तिचा धाकटा भाऊ फुरकान रांगत आला आणि त्याने माझे एक दातेरी चक्र तोंडात टाकले. आवाज झालाच नाही. माहिराने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा निळा पडला होता.

"अम्मी!"

ताजुन्निसा चुलीजवळून धावत आली. तिने पोराला मांडीवर पालथे घातले, डोके खाली करून पाठीवर जोरजोरात थापा मारल्या. चक्र फरशीवर पडले. मग फुरकानने भोकाड पसरले, आणि ताजुन्निसाने त्याला छातीशी कवटाळले.

त्याच दिवशी तिने मला पोटमाळ्यावर टाकले. माहिराने अडवले नाही. जमालभाई फोनवर समजावू लागले, "अगो, इकडची पोरं हेच शिकून पुढं जातात."

"तुम्ही तिकडं, मी इकडं," ताजुन्निसा म्हणाली. "निळं पडलेलं पोर माझ्या मांडीवर होतं."



पोटमाळ्यावर माझ्यावर धूळ साचली. झरोक्यातून अंगण दिसे. माहिरा पुन्हा खेळायला जाऊ लागली होती. एकदा तिने श्यामलाबाईंच्या स्पृहाला मधोमध उभे केले आणि हुकूम सोडले, "चार पावलं पुढं. उजवीकडं वळ. परत चार." स्पृहा सांगितल्याबरहुकूम चालली आणि थेट वाळत घातलेल्या चादरीत शिरली. तिथून तिचा आवाज आला, "थांब असं कुठं सांगितलंस?" पोरी हसून हसून लोळल्या. माहिराही हसली, म्हणाली, "व्हय, तेच विसरले!" आणि तिने पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली.

ताजुन्निसा दारात उभी राहून बघत होती. पोरीच्या हातात फोन नाही, समोर मी नाही, तरी शिकलेले तिच्यापाशीच होते. थोड्या वेळाने शिडी करकरली आणि तिने मला खाली आणले.

"फुरकान झोपला की बसायचं," तिने बजावले. "उठताना एकूण एक तुकडा डब्यात. पोरी बोलवायला आल्या की उठायचं. आणि मी बाजूला बसणार."

"तू? तुला यातलं काय कळतंय?"

"नाय कळत. तू सांग."

त्या दिवसापासून माहिराला जोडणे आणि समजावणे अशी दोन कामे लागली. त्यात तिची फोनवर भटकण्याची सवय आपोआप सुटली.

मित्रांनो, मी मुलांना शिकवतो, हे खरे. मी त्यांना घरात कोंडतो, माझे तुकडे जिवावर बेततात, हेही तितकेच खरे. यातले काय होईल, ते मी ठरवत नाही. मला घरी आणाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. माझ्या डब्यात सगळे येते, शेजारी बसणारे माणूस तेवढे येत नाही.