कागदावरचे दोन पट्टे

मित्रांनो, मी रक्त तपासायची एक जुनी पेटी. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या डोक्यावर, माझा मुक्काम आहे. माझं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. ते इथं कुणी घेत नाही. सगळे मला पेटीच म्हणतात.

माझा जन्म इथल्याच सीताबर्डीतला, १९७२ सालचा. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या कृष्णकांत नावाच्या कारागिरानं प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यातून मला कापलं, घासलं, चिकटवलं. डॉक्टर चारुशीलाबाई स्वतः नकाशा काढून घेऊन आल्या होत्या. कृष्णकांतनं विचारलं, "बाई, यात मासोळ्या ठेवता काय?" बाई म्हणाल्या, "नाही, माणसांचं रक्त ठेवीन." तो हसायचा थांबला आणि माझे कोपरे त्यानं पुन्हा एकदा घासून दिले.

माझ्या पोटात दोन कप्पे होते. दोन्हींत क्षाराचं पाणी भरत. पूल टाकावा तशी कागदाची एक पट्टी या कप्प्यापासून त्या कप्प्यापर्यंत ठेवत, तिच्यावर रक्तातल्या लाल रंगाचा ठिपका देत आणि वीज सुरू करत. निरोगी माणसाचा लाल रंग कागदावरून लवकर पुढं जाई आणि तिथं त्याचा पट्टा उमटे. सिकलसेल नावाच्या आजाराचा रंग मागं रेंगाळे.

हा आजार लागण होऊन होत नाही. रक्ताचा लाल रंग कसा घडवायचा याची एक सूचना आपल्याला आईकडून मिळते, एक वडिलांकडून. काही जणांच्या त्या भल्यामोठ्या सूचनेत एखादं अक्षर बदललेलं असतं. एकच सूचना अशी असली तर माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो. माझ्या कागदावर त्याचे दोन पट्टे दिसतात, एक पुढं, एक मागं. पण दोन्ही सूचना तशाच आल्या की गोल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक शिरांमध्ये अडकतात. मग हाडं ठणकतात, डोळे पिवळे पडतात, मूल रडून रडून गप्प होतं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. दूरदूरचे डॉक्टर मला बघायला येत. चारुशीलाबाई रोज संध्याकाळी मला स्वतः धुवत. मला वाटे, आपण खरं ते दाखवतो, म्हणजे आपल्यामुळं माणसांचं भलंच होणार.

तेव्हाच नत्थूजी आणि कौशल्या आले. नत्थूजी सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला होते. त्यांची मुलगी गोपिका बापाच्या खांद्यावर मान टाकून होती. शाळेत जायच्या वयाची पोर, पण वजन कडेवरच्या लेकराइतकं. थंडी पडली की तिचे हातपाय असे दुखत की पांघरूणसुद्धा तिला सहन होत नसे.

मी तिचं रक्त तपासलं. एकच पट्टा आला, मागं राहिलेला. मग आईबापांचं तपासलं. दोघांचेही दोन दोन पट्टे.

नत्थूजींना ते पटेना. "मी रोज खाणीत उतरतो, बाई. मले साधा ताप येत नाही. माह्या रक्तात काय खोट राहीन?"

"खोट म्हणू नका," चारुशीलाबाई म्हणाल्या. "आपल्या भागात पूर्वी हिवतापानं माणसं पटापट जात. ज्यांच्यात अशी एक सूचना होती ती त्या तापातून जास्त वाचली. म्हणून ती इतक्या घरांत टिकून आहे. तुमच्या पूर्वजांना तिनंच वाचवलं असेल. पण तुमच्या दोघांची गाठ पडली आणि लेकीला दोन्हींकडून तीच मिळाली."

"आता पुढच्या लेकराले?" कौशल्यानं हळूच विचारलं.

"चारांत एकाला असा त्रास होतो," बाई म्हणाल्या. बाहेर रोग्यांची रांग होती. बाईंनी गोपिकेसाठी औषध दिलं, पाणी भरपूर पाजायला सांगितलं, ऊब द्यायला सांगितलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

त्याच हिवाळ्यात गोपिका गेली.

पुढं कौशल्याला मुलगा झाला. सुखदेव त्याचं नाव. आईच्या पोटात असताना बनलेलं रक्त पहिले काही महिने अशा लेकराला सांभाळून घेतं. म्हणून तो छान बाळसेदार होता. रांगू लागला, उभं राहू लागला, आणि एका सकाळी त्याच्या हातापायांचे पंजे सुजून टम्म झाले. कौशल्या त्याला घेऊन आली. मी कागदावर एकच पट्टा दाखवला.

मित्रांनो, त्या दिवशी कौशल्या रडली नाही. तिला हिशेब समजत नव्हता.

"बाई, तुम्हीच सांगतलं होतं न, चारातून एकाले होते म्हणून? आमची एक तं गेली. मंग ह्याले काहून झालं?"

बाईंचा चेहरा उतरला. आपण काय बोललो आणि या माउलीनं काय ऐकलं, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी शिपायाकडून चिंचोके मागवले, ते फोडले आणि एक फोड कौशल्याच्या हातावर ठेवली. "ही तू. काळी बाजू म्हणजे चांगली सूचना, पांढरी म्हणजे बदललेली. ही दुसरी फोड नत्थूजी. दोन्ही टाक. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर मूल आजारी."

कौशल्यानं टाकल्या. काळी-पांढरी. पुन्हा टाकल्या. दोन्ही काळ्या. पुन्हा टाकल्या, तर दोन्ही पांढऱ्या. लगेच उचलून टाकल्या, आणि परत दोन्ही पांढऱ्या.

"मागच्या डावात काय पडलं ते चिंचोक्याला आठवत नाही, कौशल्या. दरवेळी डाव पहिल्यापासून."

कौशल्यानं त्या फोडी मुठीत घेतल्या. मग म्हणाली, "हे तवाच दाखवलं असतं तं, बाई?"

त्यानंतर बाई प्रत्येक आईबापांपुढं चिंचोके टाकून दाखवू लागल्या. पण कौशल्याच्या मांडीवर सुखदेव होताच.

घरी गेल्यावर सगळा दोष तिच्यावर आला, हे तिनंच नंतर बाईंना सांगितलं. नत्थूजींच्या रक्ताचे दोन पट्टे मी दाखवले होते, बाईंनी त्यांना ते समजावलंही होतं. पण त्यांनी घरी त्यातलं अवाक्षर काढलं नाही. बायको बदला म्हणजे लेकरं जगतील, असं घरच्यांनी ठरवलं. नत्थूजी मान खाली घालून हो म्हणाले. मुलगी पाहिली तीही घरातलीच, त्यांच्या मामाची पोरगी जयवंता.

कौशल्या सुखदेवला घेऊन माहेरी गेली होती. तिनं ही बातमी ऐकली आणि सरळ जयवंताच्या घरी जाऊन तिला आणि तिच्या बापाला, दादाजींना, नागपूरला आणलं. सवत होऊ घातलेल्या मुलीचा हात धरून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, हिचं रक्त पाहा. माह्यासारखं हिचं नको व्हाले."

मित्रांनो, मी निर्जीव आहे. तरी सांगते, त्या दिवशी मला खोटं बोलता यावं असं वाटलं. आणि मग वाटलं, नाही, खरं दाखवलं तरच ही पोरगी वाचेल. कागद वाळला. जयवंताचे दोन पट्टे होते.

चारुशीलाबाईंनी या वेळी घाई केली नाही. त्यांनी दार लावून घेतलं, चिंचोके टाकले, दादाजींना सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. "तुमची मुलगी निरोगी आहे. फक्त नत्थूजी नको. ज्याच्या रक्तात हे नाही असा मुलगा बघा, तिच्या एकाही लेकराला हा आजार होणार नाही."

दादाजी म्हणाले, "असा पोरगा कुठून आणू? कोण देईन आपलं रक्त तपासाले? आणि हिच्यात असं निघालं म्हणून गावात समजलं तं हिले करन कोण?"

"कुणालाही समजणार नाही."

"हे समजल्याशिवाय राहते काय, बाई?" ते उठले. "आता नत्थूसंगंच उरकून टाकतो. त्याले तं सारं ठाऊकच आहे. तो तरी हिले नाव ठेवणार नाही."

जयवंता म्हणाली, "बाबा, मले नाही करायचं." दादाजींनी तिचा दंड धरला आणि तिला बाहेर नेलं.

लग्न उन्हाळ्यात व्हायचं होतं. ते त्याच पंधरवड्यात झालं. मी दाखवलेल्या खऱ्यामुळंच ते लवकर झालं. चारुशीलाबाईंना हे कळलं तेव्हा मी टेबलावर चालू होते. त्यांनी माझी वीज बंद केली आणि अर्ध्यावर आलेला कागद तसाच ओला पडू दिला.

पुढं सुखदेव गेला. त्यानंतर जयवंता आली, तान्ही मुलगी घेऊन. सोबत कौशल्याच होती. जयवंताला तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. मुलीची बोटं सुजली होती. कागद ठेवण्याआधीच त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मी एकच पट्टा दाखवला, कारण मला दुसरं काही येत नाही.

कौशल्यानं मुलीला जयवंताच्या मांडीवरून उचललं, पदरात गुंडाळलं आणि तिच्या बोटांवर फुंकर घालू लागली. "थंड पाण्यानं धुवू नको वं हिले. थोडं थोडं पाणी पाजत जा. ताप आला का लगेच आण, वाट पाहू नको."

जयवंतानं चारुशीलाबाईंना विचारलं, "बाई, अशी लेकरं मोठी होतात काय?"

कौशल्या फुंकर घालत राहिली.

त्यानंतर चारुशीलाबाईंची बदली झाली. मला वीज पुरवणारं यंत्र जळालं. ते दुरुस्त करावं असं कुणाच्या मनात आलं नाही. कुणीतरी मला उचलून कपाटावर ठेवलं आणि माझ्या कप्प्यांत रबरी नळ्यांचे तुकडे भरले. आता १९८५ उजाडलं आहे. माझा एक कोपरा तडकला आहे. म्हणतात, मुंबईला नवीन यंत्रं आली आहेत, पोटातल्या लेकराचंही कळू लागेल. कळेल. पण कळून घरी गेल्यावर काय होतं, ते मी पाहिलं आहे.

मित्रांनो, मला खाली उतरवा, पुसा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझं काय, माझ्यात आता नळ्या आहेत. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाचे नवरे, कुणाच्या बायका, कुणाचे आईबाप व्हाल. लग्नाच्या आधी दोघंही रक्त तपासून घ्या. त्यात जे निघेल ते दोघांचं म्हणून ऐका आणि घरच्यांपुढं दोघांचं म्हणूनच सांगा. नत्थूजी एकदा एवढं बोलले असते, तर जयवंताच्या बापानं तिचा दंड धरला नसता.

परवा खालच्या बाकावर कौशल्या बसली होती. केस पिकले आहेत. तिच्या कडेवर जयवंताची लेक होती. ती पोर आता मोठी झाली आहे, कडेवर घेण्यासारखी राहिलेली नाही. पण चालवत नाही म्हणून घ्यावी लागते. जयवंता बाजूला उभी होती. तिचं पोट पुन्हा दिसत होतं.