दोन्ही म्हणू नको

वाणीला नोकरी मिळाली नाही, हे सीतारामरावांना कृष्णस्वामीकडून कळलं. कृष्णस्वामी कम्प्युटर सेंटरचा मालक. सत्त्याण्णव साली तंजावरात अशी सेंटरं गल्लोगल्ली निघाली होती. ह्याच्याकडे जुनी सहा मशीनं होती आणि शिकवायला शाळेतून निवृत्त झालेले सीतारामराव.

“रायर सार,” तो म्हणाला; तंजावरच्या मराठी माणसांना तमिळ लोक रायरच म्हणत. “चेन्नईच्या कंपनीने पोरीला विचारलं, बेसिक कम्पाइल्ड की इंटरप्रिटेड? म्हणाली, दोन्ही. जावा? दोन्ही. ते म्हणाले, अम्मा, इडली की दोसा असं नाही विचारलं आम्ही.”

‘दोन्ही’ हा शब्द सीतारामरावांचाच होता.

एका दुपारी मोठ्या हौसेने त्यांनी तो वाणीला शिकवला होता. पुस्तकात कम्प्युटरच्या भाषांच्या दोन जाती दिलेल्या. एक इंटरप्रिटेड, तीत मशीन ओळ वाचतं आणि तिथल्या तिथे ती करून टाकतं. दुसरी कम्पाइल्ड, तीत आधी सगळ्याचं भाषांतर होतं, मग काम. पण सेंटरातल्या एका मशीनवर बेसिक ओळीओळीने चाले आणि शेजारच्यावर तेच बेसिक आधी सगळं उतरवून घेता येई. मग जात भाषेची कसली? वाणी त्यांच्यासारखीच घरी तंजावरची मराठी बोलणारी, म्हणून त्यांनी तिला घरचाच दाखला दिला.

“मुंजीला पुण्याचे पाहुणे आले होते ना तुमच्याकडे? पहिल्या दिवशी त्यांच्या पुणेरी मराठीतलं एकेक वाक्य तू मनात तमिळात करत होतीस. चौथ्या दिवशी ‘पानं वाढली’ म्हणताच उठलीस. मराठी तीच. बदललं ते तुझ्या डोक्यात.”

वाणी खुदकन हसली होती. आपलं म्हणणं ऐकून कुणी इतकं खूश व्हावं, हे त्यांना सवयीचं नव्हतं. त्या हसण्याच्या लोभापायीच आपण जास्त बोललो, असं त्यांना आता वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी ते बसने पापनाशमला वाणीच्या घरी गेले. वाणीच्या आईने, कामाक्षीने, कॉफी पुढे केली.

“सोमवारी कुंभकोणमला आणखी एक मुलाखत आहे, अण्णा. ही शेवटची. हे म्हणतात, नाही जमलं तर तिरुवैयारुचं स्थळ पक्कं करायचं.”

वाणी वही घेऊन बसली होती. सेंटरात ती त्यांना सार म्हणे, घरी मामा.

“मामा, मी पाहुण्यांचं उदाहरणसुद्धा दिलं. मुलाखत घेणाऱ्यांत एक पुण्याचे होते. म्हणाले, बोल पाहू मराठी. मी बोलले. तर ते म्हणाले, ही मराठी आहे की तमिळ?”

“मग तू?”

“तिथेही मी तेच म्हणाले, दोन्ही.”

सीतारामरावांना हसू आलं नाही. रडूही आलं नाही.

“सोमवारी काय सांगू?” तिने विचारलं.

खरं ते सांगायला अर्धा मिनिट लागला असता, आणि तेवढं ऐकून घेणारं तिथे कोणी असणार नव्हतं. शिवाय खरं काय, ते तरी त्यांना कुठे ठाऊक होतं? पुस्तकं लिहिणारे शहाणेच असणार. आपण जन्मभर त्रैराशिक शिकवलेला मास्तर. दोन मशीनं पाहिली आणि त्या शहाण्यांच्या चुका काढायला निघालो. ह्या पोरीचं जे व्हायचं ते आपल्या ह्या हौसेवरून होणार.

“बेसिक इंटरप्रिटेड,” ते म्हणाले. “सी कम्पाइल्ड. दोन्ही म्हणू नको.”

तिने लिहून घेतलं. “आणि जावा?”

“समोरच्याचं तोंड बघ. त्याला हवं असेल ते एक सांग.”

तिने तेही लिहून घेतलं. खरं आहे का, असं विचारलं नाही.

“एवढंच होतं,” कामाक्षी रिकामा पेला उचलत म्हणाली, “तर आधीच का नाही हो सांगितलं, अण्णा?”

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं नवल होतं.