हौसाबाईचा घास

मुलाचे नाव

ज्ञानू. हे नाव बाळाबाईनं ठेवलेलं.

मानमोडीच्या साथीचं साल होतं, एकोणीसशे अठरा. गारगोटीच्या बाजारात मिरचीच्या गाड्या उतरल्या, रिकाम्या झाल्या, निघून गेल्या, आणि मागं एका पोत्यावर सहाएक वर्षांचं पोर बसून राहिलं. शेंगा विकणाऱ्या बाळाबाईनं त्याला विचारलं, "कुणाचा रं तू?" त्याला ते कळलं नाही. तिनं ओंजळभर शेंगा पुढं केल्या. ते कळलं.

बाळाबाई तरुणपणीच विधवा झालेली, पोटी मूल नाही. संध्याकाळी बाजार उठला तेव्हा तिच्या डोक्यावर रिकामी पाटी होती आणि बोटाला पोर. पुढं ते पोर मोठं झालं, शेत करू लागलं, त्याला धोंडुबाई नावाची मुलगी झाली, बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, आणि त्या मुलाची मुलगी क्रांती आज कोल्हापुरात हायस्कूलला इतिहास शिकवते.

बापाचे नाव

आपाजी. आईचं नाव हौसाबाई. घरात दोघांविषयी एवढंच माहीत. दर पितृपंधरवड्यात त्या नावांनी कौलावर दोन घास जात. ते ठेवायची धोंडुबाई. लग्नानंतर चारच वर्षांत ती माहेरी परतली होती, आणि शहाऐंशी वर्षांची झाली तरी ते काम तिनं कुणाला दिलं नव्हतं.

यंदा तिचा फोन आला.

"क्रांते, मी घास ठिवणार न्हाय."

"का गं आत्ती?"

"नाव चुकतंय."

"एवढी वर्षं नाही चुकलं ते?"

"पयल्यापासनंच चुकतंय. बा जाताना आईला हाक मारत हुता. हौसा न्हवता म्हणत, दुसरंच कायतरी. मी पाणी आणाय गेलतो. आलो तवर संपलं सगळं."

"मग चाळीस वर्षं गप्प का बसलीस?"

"भ्यालतो की! चुकल्या नावानं ठिवलेला घास दुसऱ्याच्या दारात जातोय. माझी आज्जी तिकडं उपाशी, आन मी कुठल्या हौसाबाईला खाऊ घालतोय कुणाला ठावं!"

क्रांतीला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. म्हातारी रडत होती. तिला आयुष्यात रडताना क्रांतीनं ऐकलं नव्हतं.

"सर्वपित्रीला किती दिस हायती?"

"नऊ."

"मग बघ. इतिहास शिकवतीस न्हवं?"

जन्मगाव

(हा रकाना कोरा आहे. कोराच राहिला.)

शाळेत दाखल केल्याची तारीख

गावच्या शाळेत हेडमास्तर अमरसिंह स्वतः कपाटापुढं उभे होते. हल्ली जुन्या रजिस्टरांना भाव आलेला. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधत रोज कोणी ना कोणी येऊन बसायचं.

"या पावणं. दाखल्यासाठी?"

"नाही सर. घासासाठी."

अमरसिंहांनी चष्मा काढला. क्रांतीनं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा परत घातला आणि शिपायाला म्हणाले, "च्या सांग दोन. ह्या बाईंचं काम येगळं हाय."

एकोणीसशे एकोणीसचं रजिस्टर निघालं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण आतली शाई शाबूत. सगळं मोडीत. क्रांतीला त्यातलं एक अक्षर लागेना. मुलांना सनावळ्या पाठ करायला लावणारी ही बाई आपल्याच आजोबांच्या ओळीवर बोट ठेवून आंधळी झाली. तिनं फोटो काढले.

शेरा

मंगळवार पेठेत यज्ञेश्वरकाका राहतात. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर ते मोडी शिकले, आणि आता लोकांच्या खापरपणज्यांची कागदपत्रं फुकट वाचून देतात. फी एकच: वाचून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.

काकांनी फोटो मोठा केला.

"बापाच्या रकान्यात नुसतं 'आपा' आहे. 'जी' नंतर जोडलाय कुणीतरी. शाई वेगळी, हात वेगळा."

"आणि आई?"

"आईला रकानाच नसायचा तेव्हा. थांबा. शेऱ्यात आहे काहीतरी." त्यांनी फोटो आणखी मोठा केला. मग सावकाश वाचू लागले:

"'मुलाची आई औवा. सांभाळ करणार बाळाबाई. बाईस म्हटले, आई म्हणोन तुझे नाव लिहितो, तर ऐकेना. बाईचे म्हणणे, याची आई कोठेतरी आहे, तिची जागा मजला नको. मूल सांगते तेच लिहावे. सबब लिहिले.'"

म्हणजे घरच्यांच्या तोंडी औवाचीच हौसा झाली होती. हौसा खोडा. औवा लिहा.

"औवा हे कसलं नाव?" क्रांतीनं विचारलं.

"मास्तर बहुधा बाहेरगावचा असावा. ऐकलं तसं लिहिलं."

काकांची सून अवंतिका चहा घेऊन येत होती. तिचा फोन वाजला. एका हातात ट्रे सांभाळत तिनं फोन खांद्याशी धरला. "अव्वा, आमेले फोन माडतेनि," म्हणाली आणि बंद केला.

क्रांती उठून उभीच राहिली. "काय म्हणालीस आता?"

"नंतर फोन करते म्हटलं. का हो?"

"त्याच्या आधी."

"अव्वा? आईचा फोन होता. माझं माहेर संकेश्वरचं, आमच्या घरी कानडी बोलतात. अव्वा म्हणजे आई."

"आणि अप्पा?"

"वडील."

काकांनी कपाळाला हात लावला. "कर्मा माझ्या! मास्तरानं विचारलं, आईचं नाव काय? पोरगं म्हणालं, आई. बापाचं? बाप. आणि शंभर वर्षं तुम्ही त्यांना जेवायला वाढताय!"

अवंतिका हसली, आणि क्रांतीचा चेहरा बघून तिनं ट्रे खाली ठेवला.

नाव नव्हतंच. गाव कळण्याचीही सोय उरली नव्हती. मिरचीच्या गाड्या पन्नास गावांतून यायच्या. हातात राहिला तो फक्त शेरा. क्रांतीनं तो पुन्हा वाचून घेतला, मग आणखी एकदा. मास्तराच्या कोरड्या भाषेखालून तिला दुसराच आवाज ऐकू येऊ लागला, ठणठणीत, बाजारात घासलेला: "ती हाय कुटंतरी. तिची जागा मला नगं. पोरगं म्हणतंय तसं लिवा."

आणि मग तिच्या ध्यानात आलं. बाळाबाईचा जन्म त्या बाजारात गेला होता. कानडी गाडीवानांना शेंगा मोजून देणाऱ्या बाईला अव्वा म्हणजे काय, हे मास्तरापेक्षा चांगलं ठाऊक असणार. पोर नाव सांगत नाहीये, हाक मारतंय, हे तिला टेबलापुढं उभं असतानाच कळलं असणार. बोलली असती तर मास्तरानं ते खोडलं असतं, आणि तिथं तिचं नाव आलं असतं. ती बोलली नाही. वर्षभर ज्याला न्हाऊमाखू घातलं, साथीत जगवलं, त्याच्या शेजारी उभं राहून तिनं दुसऱ्या बाईची जागा राखली.

क्रांतीनं वर्गात कितीतरी राण्या आणि सेनापती शिकवले होते. त्यातल्या एकाचीही ओळ तिनं कधी अशी अक्षर न् अक्षर उतरवून घेतली नव्हती.

शाळा सोडल्याचे कारण

सर्वपित्रीला ती गावी पोचली तेव्हा चुलीपुढं पानं मांडलेली होती आणि धोंडुबाई भाताला हात न लावता बसली होती.

"नाव घावलं?"

"नाही."

"मग आलीस कशाला हात हलवत?"

"आजोबा काय म्हणत होते ते घावलं." क्रांती तिच्याजवळ खाली बसली. "अव्वा."

म्हातारीनं तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "ह्येच. ह्येच गं ते. मंजी काय?"

"कानडीत आई. आणि अप्पा म्हणजे बाप. नावं नव्हतीच ती."

"मग बरोबर की! आईचं नाव घिऊन कोण हाक मारतंय?" धोंडुबाईनं पदरानं नाक पुसलं. "आन ती हौसाबाई?"

"अशी कुणी नव्हतीच आत्ती."

"न्हवती कशी? एवढी वर्सं जेवली न्हवं माझ्या हातचं!"

मग क्रांतीनं शेरा वाचून दाखवला. म्हातारी ऐकत राहिली. "बा तिला जल्मभर बाळाबाईच म्हणायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "आमाला वाटायचं, ह्येला मायाच न्हाय. तीच आई म्हणू देत नसणार." मग अचानक तिनं वर बघितलं. "तिला कोण ठिवतंय गं घास?"

कुणीच नाही. दोघींनाही ते ठाऊक होतं.

धोंडुबाईनं भात कालवला. पहिला घास ठेवला: "अप्पा." दुसरा: "अव्वा." तिसरा हातात घेऊन ती थांबली.

"हिला काय म्हणू? आई म्हणू का?"

"नको. तिनं लेखी नको म्हटलंय."

"बाई मोठी हट्टी दिसतीया."

"तुझ्यासारखीच."

"मग बाळाबाईच म्हणतो." धोंडुबाईनं घास पुन्हा पानात टाकला आणि त्याच्या दुप्पट उचलला. वर शेंगाच्या चटणीची सगळी वाटी पालथी केली.

"बाळाबाई," तिनं मोठ्यानं हाक दिली. "ये गं."