दुपारचे तीन लंगोट

मुलगी घरी आली त्या दिवशी सुहासने पहिलं काम काय केलं असेल, तर पट्टी-पेन घेऊन वहीत रकाने आखले. वेळ, दूध, शू, शी, शेरा आणि शेवटी सही. त्याची आई सुंदराबाई चष्मा कपाळावर चढवून बघत राहिली.

"सही कशाला रे? पोरगी काय पगार घेणार हाय?"

"कोणी लिहिलं ते कळायला नको?"

सुहास लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. आठवडाभर तिथेच खोलीवर राहायचा. नऊ वर्षं पाळ्या करून त्या अंगात इतक्या मुरल्या होत्या की रजेवर हातखंब्याजवळच्या घरी आल्यावरही त्याने तिघांच्या पाळ्या लावून टाकल्या. सकाळी आई, दुपारी तो, रात्री बायको. रात्र आपल्याच वाट्याला का, असं दर्शनाने विचारलं नाही. रात्री पाजायला दुसरं कोण उठणार होतं?

पण ही वही काही नुसतं खूळ नव्हतं. मुलगी दिवस भरायच्या आधीच आली होती, जेमतेम सव्वादोन किलोची. घरी सोडताना रत्नागिरीच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. थोडी कावीळ आहे, अशी मुलं झोपाळू असतात, ओढायला कमी पडतात, दर दोन तासांनी उठवून पाजा. अंगावर पिणार नाही तेव्हा काढलेलं दूध बोंडल्याने द्या. डायपर नको, सुती लंगोट लावा, म्हणजे मोजता येतील. दिवसरात्र मिळून सहा तरी ओले झाले पाहिजेत. कमी झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन या.

तेव्हापासून सुहासला चैन नव्हतं. पाळण्यापाशी जायचा, लंगोटाला बोट लावायचा, घड्याळ बघायचा, वही उघडायचा, मिटायचा. ओटीवर येऊन महामार्गावरचे ट्रक बघायचा, की परत आत. "तुझ्या फेऱ्यांनी जमीन झिजल एक दिवस," सुंदराबाई म्हणाली, तर तो बसला आणि दोन मिनिटांत पुन्हा उठला. रात्रीसुद्धा दर्शना जागी असताना हा डोळे उघडे ठेवून पडलेला असायचा. लोट्याला निदान पाळी संपली की माणूस बसमध्ये डुलक्या काढतो, इथे पाळी संपतच नव्हती.

सहाव्या दिवशी सुंदराबाई बचत गटाच्या सभेला गेली. दर्शनाने सकाळी पाऊण तास बसून वाटीभर दूध काढून ठेवलं होतं. अकराच्या सुमाराला ती आतल्या खोलीत आडवी झाली.

"झोप तू," सुहास म्हणाला. "मी आहे ना."

तो पाळण्याशेजारी भिंतीला टेकून बसला. पाळण्याची दोरी हातात होती. नंतरचं त्याला काही आठवत नाही. ट्रकच्या हॉर्नने डोळे उघडले तेव्हा पावणेचार वाजले होते.

तो धडपडत उठला. मुलगी शांत निजली होती. लंगोट कोरडा. त्याने तिला उचललं, तळवे चोळले, बोंडलं तोंडाला लावलं. दोन थेंब आत गेले असतील, बाकीचं ओठांच्या कडेने ओघळून मानेत गेलं. तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

वही उघडी होती आणि दुपारच्या तीन ओळी रिकाम्या होत्या. आता कंपनीतली एक गोष्ट सांगायला हवी. तिथे दर तासाला तापमान आणि दाब लिहावा लागतो. एखादा तास हुकला तर वरचा आकडा बघायचा, त्यात थोडं इकडेतिकडे करायचं आणि रकाना भरून टाकायचा. सगळेच करतात. इन्चार्ज रिकाम्या रकान्यावरून सगळ्यांदेखत झाडतो, भरलेल्या आकड्यावरून कधी कुणाला बोलत नाही. सुहासचा हात नऊ वर्षं हेच शिकला होता. साडेअकरा, दीड, साडेतीन. दूध वीस मिली, पंचवीस, वीस. शू, शू, शू. सही. दीडचे पंचवीस त्याने मुद्दाम घातले, म्हणजे खरं वाटेल.

मग वाटीतलं दूध त्याने मोरीत ओतलं. ओतताना त्याला स्वतःची लाज वाटली, पण हात थांबला नाही.

दर्शना उठून आली. मुलीला मांडीवर घेऊन तिने तिच्या ओठांवरून बोट फिरवलं, टाळूवर हात ठेवला. वही ओढून वाचली आणि मिटली.

"नीट प्यायली ना?"

"हो," सुहास म्हणाला.

पाचच्या सुमाराला सुंदराबाई आली आणि तिच्यासोबत वाडीची आशा सेविका दमयंती. तिची नेमाची भेट परवा होती, पण सभेहून येताना डोकावली. तिने मुलीची पापणी वर करून पाहिलं, तळपायाला टिचकी मारली.

"सुस्त वाटते जरा. पिवळेपणही आहे. लंगोट किती झाले?"

दर्शनाने वही दिली. दमयंती रकान्यांवरून बोट फिरवत गेली. "रात्री दोन, सकाळी एक, दुपारी तीन. सहा. मग ठीक आहे. कमी असते तर आत्ताच्या आत्ता रत्नागिरीला धाडलं असतं. परवा काटा घेऊन येते वजनाला." जाता जाता तिने सुहासचं कौतुक केलं. असं लिहिणारा बाप आपल्या हद्दीत दुसरा नाही, म्हणाली.

सुहास ओटीवर गेला, आत आला, पुन्हा ओटीवर गेला. खरे लंगोट तीनच. सांगावं तर दर्शनाच्या डोळ्यांत कसं बघायचं? न सांगावं तर परवापर्यंत काय होईल? त्याला मधला मार्ग सुचला.

"तरीपण डॉक्टरबाईंना दाखवून आणूया का?"

"ताई बघून गेल्या ना आत्ता," दर्शना म्हणाली.

"उगाच दवाखाना दवाखाना करू नको," सुंदराबाई म्हणाली. "सहा झालेत. तूच लिवलंस."

आता त्याच्याच अक्षराने त्याची वाट अडवली होती. वाडीतल्या दोन बाया बाळाला बघायला येऊन गेल्या. चहा झाला. मध्ये दर्शनाने मुलीला अंगाशी घेतलं, ती ओढता ओढताच झोपली, आणि दुपारी तीनदा प्यायली म्हणून दर्शनाने फार उठवलं नाही. त्याने तीनदा लंगोटाला हात लावला, तीनदा कोरडा. तोंड उघडायचा आणि भलतंच काहीतरी विचारायचा, दिवे लावले का, पाणी आलं का.

सात वाजता सुंदराबाई मागीलदारी बादली घेऊन बसली आणि तिने हाक मारली. "सुहास, दुपारचे तीन लंगोट खय टाकलेस? हितं एक पन नाय."

मीच धुतले, असं म्हणणं अगदी सोपं होतं. ते शब्द ओठांवर आलेही. पण दोरीवर सकाळी धुतलेले तीनच लंगोट दिसत होते.

"आई, लंगोट नाहीत," तो म्हणाला. "मी झोपलो होतो. अकरापासून पावणेचारपर्यंत. ती प्यायली नाही आणि तिने शू केली नाही. मी नुसतं लिहिलं."

दर्शना दारात उभी होती. तिने मुलीला दुपट्यात गुंडाळलं आणि पायात चपला घातल्या. सुंदराबाई शेजारच्या गंगारामला रिक्षा काढायला सांगायला धावली.

दवाखान्यात वजन भरलं एक किलो नऊशे साठ. रक्त तपासलं, कावीळ वाढली होती. डॉक्टरबाईंनी मुलीला आत घेतलं, नळीने दूध सुरू केलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "दोन-तीन दिवस ठेवावं लागेल. सुधारेल. पण परवापर्यंत थांबला असतात तर मी हे बोलू शकले नसते."

सुहास भिंतीशी उभा राहिला. दर्शनाने शिव्या द्याव्यात, आईसमोर झाडावं, माहेरी निघून जावं, काहीही करावं, असं त्याला वाटत होतं. ती बाकावर बसली होती. बऱ्याच वेळाने तिने बाजूला सरकून त्याला जागा केली. तो बसला.

"मला चार वाजताच कळलं होतं," ती हळू म्हणाली. "ओठ सुकलेले होते. टाळू खाली गेलेली होती. माझ्या हाताला कळत होतं, ही प्यायलेली नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लिहिलेलं होतं ना," दर्शना म्हणाली. "म्हटलं, मलाच काही कळत नसेल."

आतून मुलीच्या रडण्याचा बारीक आवाज आला, दिवसभरातला पहिलाच, आणि दोघंही तिकडे कान लावून बसून राहिली.